मोटार ऐकणारी माणसं

सांगलीजवळच्या माधवनगरची मिल बंद पडली तेव्हा माझे वडील तिथल्या मोटार खात्यात कामाला होते. आधी पगार अर्धा झाला, मग थांबला, मग एके दिवशी गेटच उघडलं नाही. अण्णांनी सायकलच्या कॅरियरला हत्यारांची पेटी बांधली आणि ते वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. शेत आमच्या नावावर कधीच नव्हतं. पण चारी बाजूंनी ऊस होता, उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटार लागते आणि मोटार कधी ना कधी जळतेच. एवढ्या एका हिशेबावर त्यांनी शिराळ्याच्या रस्त्याला भाड्याच्या जागेत पत्र्याचं खोकं टाकलं. पुढं दुकान, मधे गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागं आम्ही तिघं.

मोटार भरणं हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार छिन्नीनं तोडून काढायची, तिचे वेढे मोजायचे, नवी तार तितक्याच वेढ्यांनी बसवायची, व्हार्निश पाजायचं आणि भाजायचं. वेढे मोजणं आणि तार बसवणं अण्णांकडं. जळकी तार तोडायचं काम आईचं. तिच्या बोटांच्या पेरांत काळं कायम बसलेलं असायचं, सणाला हळदीनं घासलं तरी निघायचं नाही. जळक्या व्हार्निशचा वास आमच्या अंथरुणाला, पिठाला, माझ्या शाळेच्या फ्रॉकला यायचा. चौथीत माझ्या बाकावरच्या मुलीनं बाईंना सांगून जागा बदलून घेतली होती. बाईंनी ती दिलीही.

पावसाळ्याचे चार महिने कुणी मोटार चालवत नाही, म्हणून जळतही नाही. त्या महिन्यांत आई लोकांच्या भुईमुगात तण काढायला, भांगलायला जायची. अण्णा रिकाम्या दुकानात बसून जुने पंखे दुरुस्त करायचे. आमटीत डाळ नसायची, येसराचं मसाला-पीठ कालवलेलं पाणीच असायचं. मी दहावीला असताना अण्णा एकदा म्हणाले होते, "तू शीक. वेढं मोजाय मी हाय."

मी शिकले. सांगलीला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. झाले. आईकडच्या आणि वडलांकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी छाती पुढं काढून सांगते. त्यानंतर सातारच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी लागली. दर महिन्याला घरी पैसे पाठवू लागले आणि मला वाटलं, झालं आमचं, सुटलो.

सुटलो नव्हतो. बाजारात स्वस्त मोटारी आल्या. जळाली की टाका आणि नवी आणा. गाड्या घेऊन बांधावर जाणारी तरुण पोरं आली, कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आली. आई फोनवर म्हणायची, "दिसभर स्टुलावर बसून असत्यात. माणूस रस्त्यानं गेलं की मान वळवत्यात. मोटार न्हाई दिसली की परत मान सरळ." एका रविवारी घरी गेले तर अण्णांनी शांतपणे सांगितलं, "पाडव्याला कुलूप लावायचं ठरवलंय. साखर कारखान्यावर वॉचमनची जागा हाय. बसून पगार."

मिलमधला उत्तम कारागीर वॉचमनच्या खुर्चीत बसणार, हे ऐकून मला धक्का बसला. रडू आलं नाही, राग आला. पाडव्याला पाच महिने होते.

साताऱ्यात माझ्या खोलीतल्या मुली पॉडकास्ट ऐकायच्या. एक मुलगी व्यवसायाबद्दलचं काहीबाही ऐकत स्वयंपाक करायची, म्हणून माझ्याही कानावर पडायचं. त्यात एक बाई सारखं सांगायच्या की जे तुम्हाला येतं ते आधी फुकट सांगा, ऐकणारा विश्वास ठेवायला लागला की मग विका. मी कांदा चिरता चिरता विचार केला, आमच्या घरात एका माणसाला असं काही येतं जे दहा गावांत कुणाला येत नाही. अण्णा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आत काय झालंय ते सांगायचे. मोटार उघडल्यावर तेच निघायचं.

पुढच्या रविवारी मी मोबाईल त्यांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यात बोलायचं?" अण्णा म्हणाले.

"माझ्याशी बोला. ते ऐकंल."

"कुणाला ऐकवायचंय?"

"शेतकऱ्यांना. मोटार का जळती ते सांगा."

"ते सांगितलं तर जळंल कशी? आन् न्हाई जळली तर आमी काय खायचं?"

आई पडद्यामागून म्हणाली, "आवं, आता तरी कुठं लय जळायल्यात? बोला की." त्यावर ते बोलले. वीस मिनिटं. विजेचा फेज म्हणजे काय, तिन्हीतला एक फेज गेला तर मोटार कशी हुंकारते, तेव्हा शेतकरी लांब उभा राहून 'चालू हाय' असं समजतो आणि आतल्या आत तार कशी जळते. मागं दुरुस्तीची एक मोटार चाचणीसाठी चालू होती. मला ती बंद करायचं सुचलं नाही.

तो भाग मी इंटरनेटवर टाकला. ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले निम्मे आमचे पाहुणे. चौथ्या दिवशी खाली एक प्रतिक्रिया आली. "ताई, बोलणं चांगलं आहे, पण मागं जी मोटार चालू आहे तिचं बेअरिंग गेलंय. आधी ती बंद करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बी.कॉम. झालेली मुलगी, आणि मागचा आवाजही घालवता आला नाही! तेवढ्यात दुसऱ्यानं पहिल्याला उत्तर दिलं, "बेअरिंग न्हाई गड्या, बुश हाय. कान तपासून घे." पहिल्याचं परत, "तुझ्या विहिरीवर बुश असंल." दोन दिवसांत तिथं पंधरा-वीस जण भांडत होते. आवाजावर. आम्ही वीस मिनिटं काय बोललो त्याबद्दल एकानंही शब्द काढला नव्हता.

मी अण्णांना ते सगळं वाचून दाखवलं. ते हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं हसताना बघत होते. "समदी चुकली," ते म्हणाले. "पंख्याचं कव्हर घासतंय. म्या मुद्दाम तसंच ठेवलं हुतं, नंतर वाकवणार हुतो."

त्या दिवशी मला कळलं की आमच्या पॉडकास्टमध्ये काय आहे. पुढच्या भागापासून मी सुरुवातीला एक मिनिट फक्त बिघडलेली मोटार ऐकवायला लागले. ओळखा काय झालंय ते, उत्तर शेवटी अण्णा देतील. उत्तर शेवटी असल्यामुळं लोक शेवटपर्यंत ऐकायचे. मधल्या वेळात अण्णा आपलं ज्ञान सांगायचे. बेअरिंग कोरडं पडलं की मोटार किरकिरते, बुश गेला की गुरगुरते, पाणी तुटलं की आवाज एकदम हलका होतो. उत्तर बरोबर आलेल्यांची नावं मी पुढच्या भागात वाचायची. नाव वाचलं की तो माणूस ते सगळ्या गावाला ऐकवायचा. जाहिरातीवर एक पैसा खर्च न करता आम्ही पलूसपासून कोरेगावपर्यंत पोचलो.

अण्णांची भीती होती की सगळं सांगून टाकल्यावर मोटार कोण आणणार. झालं उलटं. जवळचा मिस्त्री सोडून तीस-तीस किलोमीटरवरून लोक मोटार घेऊन येऊ लागले. "आवाजवालं अण्णा तुमीच न्हवं?" असं विचारत यायचे. एक कराडकडचे आजोबा तर मोटार न आणताच आले, नुसतं बघायला. अण्णांनी चहा मागवला. आजोबा म्हणाले, "आवाजावरनं तुमी थोराड वाटला हुता. तुमी तर बारकं हाय की."

पाडवा आला आणि गेला. अण्णांनी त्या दिवशी हत्यारांची पूजा केली आणि चार मोटारी भरायला घेतल्या. कुलपाचं नाव कुणी काढलं नाही. मी साताऱ्याची नोकरी सोडली. आईला ते पटलं नाही. "महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडून कुणी मोटारीचा आवाज इकाय बसतं व्हय?" ती म्हणाली. तिचा प्रश्न बरोबर होता. दुकान चालत होतं, पण पॉडकास्टमधून थेट काहीच येत नव्हतं आणि माझा सगळा दिवस त्यात जात होता. पॉडकास्टमधूनही पैसा येतो हे मला सिद्ध करायचं होतं.

त्याच दिवसांत मी एक गोष्ट पाहिली आणि चूक समजून सोडून दिली. आमचं कुठं ऐकलं जातं ते नकाशावर दिसायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर ठीक. पण त्याशिवाय तमिळनाडू, केरळ, पंजाब, पार आसामपर्यंत ठिपके. तिथं आमच्या खेड्यातली भाषा कोण ऐकणार? मला वाटलं, यंत्राचा घोळ आहे.

मग एका लांबच्या शहरातल्या कंपनीचा फोन आला. त्यांचा एक डबा होता, स्टार्टरला जोडायचा. वीज आली की मोटार आपोआप चालू होणार आणि फेज गेला की, जुन्या साध्या प्रिव्हेंटरनं होते तशी, आपोआप बंद. प्रत्येक भागात एक मिनिट त्याबद्दल बोलायचं आणि त्याचे ते जे पैसे देणार होते तो आकडा ऐकून मी खुर्चीत बसले. खरंच, उभी होते ती बसले. माझ्या साताऱ्याच्या पगारापेक्षा जास्त, ते एका मिनिटाचे.

अण्णांनी एकच विचारलं. "तू ती पेटी लावून बघितलीस?"

"अण्णा, ही जाहिरात असती. सगळे करत्यात. लोकांना कळतं जाहिरात कुठली आन् आपलं कुठलं."

"मी न्हाई बोलणार त्यावर."

"तुमी नकाच बोलू. मी बोलती."

आणि मी बोलले. पण त्याआधी जे केलं ते मला इथं लिहायलाच पाहिजे, नाहीतर या लिखाणाला अर्थ नाही. कंपनीच्या माणसानं सुचवलं होतं की जाहिरात विषयाला धरून आली तर बरं. मी आवाज जोडायला बसले तेव्हा अण्णांचं एक वाक्य उचललं. "फेज गेला की मोटार तिथंच थांबली पायजे, आन् थांबवणारं यंत्र चांगलं पायजे." हे ते वेगळ्याच संदर्भात बोलले होते. त्या वाक्याला लागूनच मी माझी जाहिरात बसवली. अण्णांचा श्वास संपतो तिथं माझं बोलणं सुरू होतं. जोड कुठं आहे ते कळत नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

उन्हाळा तापला. त्या वर्षी आमच्या भागात फेज सारखे जात होते. पहिला माणूस आला तो मोटारसायकलच्या मागं मोटार बांधून. उतरवली, घाम पुसला आणि म्हणाला, "अण्णा, जळली."

"फेज गेला आसंल. प्रिव्हेंटर न्हवता?"

"हुता की. तुमी सांगितलेली पेटी बसवली हुती."

अण्णांना कळलंच नाही. "म्या? कुठली पेटी?"

तो हसला. त्याला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. "आवं, तुमी म्हणला म्हणूनच की! जुना प्रिव्हेंटर काढून टाकला मी. अण्णा सांगत्यात म्हणल्यावर काय बघायचं?"

मी पडद्यामागं उभी होते. जुना चालू असलेला प्रिव्हेंटर काढून टाकला होता त्यानं. अण्णांच्या एका वाक्यावर.

आठवड्यात नऊ मोटारी आल्या. दुकानापुढं रस्त्याच्या कडेला त्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. नऊच्या नऊ त्या डब्यावाल्या; फेज गेल्यावर डब्यानं मोटार बंद केलीच नव्हती. एकानंही भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. भांडले असते तर सोपं गेलं असतं. सगळे एकच वाक्य बोलायचे, "तुमी म्हणला म्हणून."

नववी मोटार उतरल्यावर अण्णा आत आले आणि म्हणाले, "ऐकीव मला."

मी तो भाग लावला. ते स्टुलावर बसून ऐकत होते, चालू मोटार ऐकताना मिटायचे तसे डोळे मिटून. त्यांचं वाक्य आलं, लगेच माझं. त्यांनी डोळे उघडले.

"परत लाव."

परत लावलं.

"हितं जोड हाय," ते म्हणाले. "माझा श्वास मधीच तुटलाय." मला जी जागा कुणालाच ओळखता येणार नाही असं वाटलं होतं ती त्यांनी दुसऱ्या खेपेला दाखवली. मी म्हणाले, "अण्णा, कंपनीला कळवती मी. ते देतील भरपाई." त्यांनी नकाराची मान हलवली आणि टेबलावरचा खडू उचलला.

आमच्या दुकानात एक रीत आहे. भरलेली मोटार पहिल्या हंगामात परत जळाली तर ती फुकट भरून द्यायची. तशी मोटार आली की अण्णा तिच्या अंगावर खडूनं 'गॅ' लिहितात. गॅरंटीतली. मग ती इतर कामांच्या आधी घेतात. अण्णा बाहेर गेले. गुडघ्यावर बसत, उठत, परत बसत त्यांनी नऊच्या नऊ मोटारींवर 'गॅ' लिहिलं. त्यातल्या पाच त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतल्या नव्हत्या.

आई म्हणाली, "आवं, तार कुठनं आणायची?"

"आणू."

त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. जाहिरातीचे आलेले सगळे पैसे तांब्यात गेले. ते पुरले नाहीत, म्हणून माझ्या साताऱ्याच्या नोकरीचा फंड गेला. कंपनीनं आधी सांगितलं की शेतकऱ्यांनी जोडणी चुकीची केली, नंतर फोन उचलायचं बंद केलं. तीन आठवडे आम्ही तिघं फक्त त्याच मोटारी भरत होतो. जळकी तार तोडायला मी बसले. लहानपणी आईनं मला त्या कामाला कधी हात लावू दिला नव्हता. आता तिनंच छिन्नी माझ्याकडं सरकवली.

मोटारी गेल्यावर मी अण्णांना म्हणाले, "एक भाग करायचा. त्यात समदं सांगायचं."

"समदं म्हंजे?"

"जोड कुठं हाय तेबी."

त्या भागाच्या सुरुवातीला आम्ही जळालेल्या मोटारीचं बटण दाबलं. स्टार्टरचा टक असा आवाज झाला आणि पुढं काहीच नाही. मिनिटभर तसंच ठेवलं. मग मी डब्याचं नाव घेऊन सांगितलं की तो काढून टाका. मी तो वापरून न बघता त्याची जाहिरात केली, त्याचे पैसे घेतले आणि वडलांचं वाक्य कापून त्याला जोडलं. अण्णांनी ते कधी सुचवलं नव्हतं. ज्यांनी आमचं ऐकून तो बसवलाय आणि मोटार जळालीय, त्यांनी मोटार घेऊन या. अण्णा शेवटी फक्त म्हणाले, "जुना प्रिव्हेंटर टाकला नसंल तर परत जोडा. आजच."

माझी खात्री होती की हा शेवटचा भाग. दुकान आता राहत नाही आणि ते मी घालवलं. मी सातारच्या जुन्या साहेबांना फोन करायचा म्हणून नंबरसुद्धा काढून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी नंबर आला. विट्याकडचा माणूस, पण बोलत होता दक्षिणेतल्या एका शहरातून. त्या बाजूचे पुष्कळ लोक देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, हे मला माहीत होतं. पण त्यांचा आमच्याशी काय संबंध?

"ताई, आमी सहा जण हाय दुकानात. भट्टी पेटली की तुमचा आवाज लावतो. जो चुकंल त्यानं चहा पाजायचा."

"तुमच्याकडं मोटार हाय तिथं?"

"हितं कसली मोटार? मोटार गावाकडं. विहिरीवर. म्हातारा एकटा बघतो."

"मग तुमी का ऐकता?"

"आता काय सांगायचं? हितं सगळी दुसरीच भाषा. तुमची मोटार लागली की गावची विहीर हाय आसं वाटतं." मग एकदम कामाचं बोलायला लागला. "ऐका. म्हातारा डोळ्यानं अधू झालाय. मोटार हुंकारली तरी त्याला कळत न्हाई. तुमी माझी मोटार सांभाळायची. वर्षाचं किती सांगा, आत्ता पाठवतो."

"आवं, आमी आत्ताच आमची चूक सांगितली. नऊ मोटारी जळाल्या आमच्यामुळं."

"म्हणूनच तर फोन केला. हितं बसून मला कसं कळणार कोण खरं सांगतंय? तुमी तुमच्या तोंडानं सांगितलं."

मी एक आकडा सांगितला, भीत भीत. फोन ठेवायच्या आत पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. अण्णांना दाखवला तर ते म्हणाले, "अजून काम केलं न्हाई आन् पैसं? परत पाठीव." परत पाठवले नाहीत, दुसऱ्या दिवशी एसटीनं विट्याकडं गेलो. मोटार उघडली, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, प्रिव्हेंटर तपासला. निघताना अण्णांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तुझ्या फोनात हिचा आवाज भर आन् त्याला पाठीव. त्याला कळंल आपण आल्तो ते."

अर्ध्या मिनिटाचा आवाज मी पाठवला. थोड्या वेळानं त्याचा उलट निरोप आला, "परत एकदा पाठवा. जरा लांबसा." मी पाठवलेल्या आवाजात मागं त्याच्या वडलांचं खोकणं आणि हाक ऐकू येत होती. त्यानंतर पाच मिनिटांनी दुसऱ्या नंबरवरून फोन. त्याच दुकानातला दुसरा. "आमच्याबी मोटारीचं बघा की."

नकाशावरचे ते ठिपके म्हणजे यंत्राचा घोळ नव्हता. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं गाळणारी माणसं होती. आणि सैन्यातली. सातारा भागातली कितीतरी घरं अशी की पोरगा सीमेवर, बायको आणि म्हातारी माणसं उसावर. एका जवानाची बायको आम्हाला म्हणाली, "मोटार बंद पडली की मी ह्यांना फोन करती. हे तिथं बर्फात बसून मला सांगणार, वायर हलीव. काय उपेग?" मी ज्यांच्यासाठी पॉडकास्ट करत होते ते बांधावर उभे होते, आणि पैसे द्यायला तयार असलेला माणूस हजार मैलांवर बसून ऐकत होता. बी.कॉम.च्या पुस्तकात ग्राहक कोण ते ओळखा असं लिहिलेलं होतं. मी ते पाठ करून मार्कही मिळवले होते.

आम्ही त्याला वर्षाची राखण म्हणू लागलो. दर दोन महिन्यांनी आमचा माणूस मोटारीवर जाणार, तपासणार, आवाज भरून मालकाला पाठवणार. अण्णा तो आवाज आधी ऐकणार आणि काही वेगळं वाटलं तर मोटार जळायच्या आधी उतरवून आणणार. पॉडकास्ट तसाच फुकट चालू ठेवला. त्यात जाहिरात परत कधी घेतली नाही. दोन कंपन्यांनी विचारलं होतं. एकीचा माल चांगला होता, अण्णांनी तो वर्षभर स्वतः वापरून पाहिला आणि बरा आहे असं पॉडकास्टमध्ये सांगितलंही, पैसे न घेता. ती कंपनी बिचारी अजून विचारते की बिल कुणाच्या नावानं करायचं.

आईनं एकदा संध्याकाळी चहा गाळता गाळता अण्णांना चिडवलं, "मोटार जळली तर पोट भरायचं तुमचं. आता न जळायचं पैसं घेताय." अण्णा म्हणाले, "व्हय. मिलमधी आमाला ह्याच कामाचा पगार हुता. मोटार बंद पडाय द्यायची न्हाई." मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते मिलमध्येही जळक्या मोटारीच भरत होते.

आज वाळवा, खानापूर, आटपाडी, कराड आणि कोरेगाव या पाच तालुक्यांत चारशेवर मोटारी आमच्या राखणीवर आहेत. विट्यात आमचं दुसरं दुकान आहे आणि ते दोन बायका चालवतात, दोघींना अण्णांनी काम शिकवलंय. एकूण अकरा माणसांचा पगार दर महिन्याला आम्ही वेळेवर देतो. पॉडकास्ट दर रविवारी सकाळी येतो.